आपाच्या घरची भाकरी

आई, परवा आपल्या चर्चच्या मंडळीच्या वर्धापनदिनाच्या उपासनेत एका तरुण पाळकाने तुझं उदाहरण दिलं. हयातभर तू शेवटच्या बाकाच्या पुढं कधी सरकली नाहीस आणि आता थेट पुलपिटावरून तुझा उल्लेख झाला, म्हणजे बढतीच म्हणायची. शिष्यत्वाची किंमत या विषयावर तो बोलत होता. पोरगा चांगला बोलतो, आवाजही भरदार आहे, पण तुझ्याबद्दल त्याने जे सांगितलं त्यातलं निम्मं दुसऱ्याच कुणाचं असावं. म्हणे तू नदीकाठच्या कुष्ठरोग्यांना रोज आपल्या हातानं जेवू घालायचीस, आणि म्हणे तुझ्या चेहऱ्यावर सदा शांती असायची. मला हसू आवरेना. शेजारच्या बाईला वाटलं मी भारावून गेले, तिने माझा हात हातात घेतला. तुझ्या चेहऱ्यावर सदा काय असायचं ते मला ठाऊक आहे. बोर्डिंगच्या मुलींच्या आमटीत मीठ पडलं की राहिलं, ही काळजी. नदीकाठी तू जेवू घातलंस ते एकाच नाताळात, आणि त्या नाताळाने तुला किती रडवलं ते त्या पोराला कुणी सांगितलेलं नाही. सांगणारं माझ्याशिवाय आता कुणी उरलंही नाही, म्हणून लिहायला बसले आहे. शहराचं नाव बदललं आहे, हे तुला कळलं नसेल. पण मी औरंगाबादेतूनच लिहिते आहे असं समज, कारण तू मला तिथंच भेटतेस.

छावणीच्या पलीकडे, खाम नदीच्या अंगाला आपल्या खोल्या होत्या. एका ओळीत पाच-सहा बिऱ्हाडं, सगळ्यांत मिळून एक नळ आणि नळापाशी कडुनिंब. बाबा गेल्यावर तुला मिशनच्या बोर्डिंगमध्ये स्वयंपाकाचं काम मिळालं आणि आपण दोघी तिथं राहायला आलो. भिंतीला भिंत लागून खाला राहायची. मी तिला खाला म्हणायचे, तू आपा म्हणायचीस, आणि ती तुला नुसतं बाई म्हणायची. तू मराठीत बोलायचीस, ती तिच्या दखनीत उत्तर द्यायची, आणि एवढ्या वर्षांत तुमचं एकमेकींचं कधी अडलेलं मी पाहिलं नाही. तिचे मियाँ निजामाच्या अमदानीत महसुलाच्या कचेरीत होते. पोलिस ॲक्शननंतर कचेरीतली उर्दू गेली, उर्दूबरोबर त्यांची नोकरी गेली, आणि भावाच्या मागोमाग ते कराचीला गेले, बस्तान बसलं की बोलावतो असं सांगून. आधी पत्रं यायची, मग येईनाशी झाली. खाला मात्र ताठ राहिली. दुपट्ट्यांना किनार लावून द्यायची, कुर्ते शिवायची, आणि शिवणाचं मशीन थांबलं की भिंतीवर थाप मारायची, म्हणजे आपण चहा ठेवायचा. चहाला आली की दरवेळी सांगायची, मेरेकू फीकी दो बाई, शक्कर नक्को. असते एकेकाची आवड, असं समजून आपणही तिला तसाच द्यायचो.

नाताळात शेजारीपाजारी तबकं पाठवायची आपली रीत. करंज्या, शंकरपाळे, चकल्या, आणि वर तू विणलेला क्रोशाचा रुमाल. आलेलं तबक रिकामं परत करायचं नाही, ही सगळ्या गल्लीची रीत. कुणी साखर घालायचं, कुणी गूळ, कुणी नारळ. समोरच्या कारकूनकाकू तबक दोन बोटांनी धरायच्या, गोड हसायच्या आणि मूठभर साखर घालून परत द्यायच्या. एका वर्षी त्यांच्या परसात बकरीच्या पुढ्यात मला आपल्या करंज्या दिसल्या आणि मी रडत घरी आले. तू मूळची पाचोडकडची, गावकुसाबाहेर वाढलेली, तुला त्यात नवल वाटलं नाही. बकरीनं तरी गोड मानून खाल्लं ना, एवढंच म्हणालीस, आणि पुढच्या वर्षीही तिथं तबक गेलंच. फक्त त्या तबकातल्या करंज्या जरा लहान असायच्या. तू कबूल केलं नाहीस कधी, पण मला दिसत होतं. खालाचं तसं नव्हतं. नाताळच्या दुपारी ती स्वतः यायची, आपल्या स्वयंपाकघरात पाटावर बसायची, आणि तुझ्यासमोर पहिली करंजी मोडून तोंडात टाकायची. ती खाते आहे हे तुला नीट दिसावं म्हणून सावकाश खायची. आपल्या हातचं आपल्यासमोर खाणारं त्या गल्लीत एवढं एकच माणूस होतं. ईदला तिच्याकडून वाटी भरून शीरखुर्मा यायचा आणि आपलं तबक परत येताना त्यात नेहमी साखर असायची, काकूंच्या मुठीपेक्षा जास्त.

तू वाचायला शिकलीस ती बाप्तिस्म्यानंतर, मोठेपणी, आणि शिकलीस तीही शास्त्रावरच, म्हणजे बायबलावर. त्यामुळे छापलेलं म्हणजे खरं, हे तुझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. किराण्याच्या पुडीच्या कागदावरची जाहिरातसुद्धा तू आदराने वाचायचीस. प्रभूच्या बोलण्याचा कीस काढत बसणं तुला मानवायचं नाही. त्यानं सांगितलं, आपण करायचं. मी मॅट्रिकच्या वर्गात होते त्या वर्षी, नाताळच्या आधीच्या एका रविवारी, पाळकसाहेबांनी मेजवानीचं वचन घेतलं. जेवायला घालायचं तर मित्रांना, भावांना, चार पैसे असलेल्या शेजाऱ्यांना बोलावू नका, ते उलट बोलावतील आणि फेड होऊन जाईल. ज्यांना फेडता येणार नाही त्यांना बोलवा. उपासना सुटल्यावर तू त्यांना दारातच गाठलंस आणि विचारलंस, म्हणजे आमची तबकं चुकलीच का साहेब? ते हसले, या वचनाचा अर्थ आध्यात्मिक घ्यायचा असतो म्हणाले, आणि पुढच्या माणसाशी हात मिळवायला वळले. नळापाशी आल्यावर म्हणालीस, "जेवण म्हणलंय त्यानं. जेवणाचा अजून काय अर्थ असतो?" स्वयंपाकिणीला जेवणाचा आध्यात्मिक अर्थ सांगायला जाणं, ही पाळकसाहेबांची चूकच झाली.

तुझं ठरलं. यंदा गल्लीत तबकं जाणार नाहीत. सगळा फराळ नदीकाठच्या झोपड्यांत, दर्ग्याच्या दारात बसणाऱ्या आंधळ्या नवराबायकोला, रस्त्यावर खडी फोडणाऱ्यांना. मी विचारलं, आणि खालाला? तू पीठ मळत होतीस. मळता मळता म्हणालीस की आपा परतफेड करतात, लई करतात, मग त्यांना देऊन देवापाशी काय राहिलं? मी म्हटलं, तिला वाईट वाटेल. तू म्हणालीस, "वाटंल. मलाबी वाटतंय. शिष्य व्हायचं म्हणलं की काहीतरी तुटतंच गं." हे तू फार सहज म्हणालीस, आणि तुझं हे सहज म्हणणंच मला टोचायचं. बाप्तिस्मा घेतलास तेव्हा मामांनी भाऊबीज बंद केली. धाकट्या मामाच्या लग्नाचं बोलावणंसुद्धा आलं नाही. तू रडलीस आणि पदराने तोंड पुसून म्हणालीस, किंमत दिली. तेव्हापासून जिथं दुखेल तिकडंच प्रभूची वाट असणार, असं तुझं गणित होऊन बसलं होतं. आपा तुटणार म्हणून दुखत होतं, म्हणजे तू बरोबर वाटेवर होतीस. मला त्या वयातही हे गणित कुठंतरी फसतंय असं वाटलं होतं, पण तुझ्याशी वाद घालणं म्हणजे पाट्याशी वरवंट्याबद्दल बोलणं.

खोटं कशाला बोलू, तो नाताळचा दिवस छान गेला. उपासनेहून आल्यावर आपण दोघी टोपल्या घेऊन नदीकडे गेलो. एका म्हातारीने तुझ्या हातातली करंजी घेण्याआधी तुझ्या तोंडाकडं पाहिलं, आणि तू तिच्या शेजारी जमिनीवरच बसलीस. आंधळ्या बाबाने चकली हाताने चाचपून बघितली आणि हे काय फूल आहे का म्हणून विचारलं. तू इतकी हसलीस की टोपली कलंडली. तुला तसं हसताना मी क्वचित पाहिलं होतं. दुपारी उशिरा परत आलो तर खालाचं दार उघडं होतं. ती दारातच वेताच्या मोढ्यावर बसली होती, ठेवणीतला फिरोजी दुपट्टा घेऊन, केस विंचरून. आपल्याकडे यायचं म्हणून तयार होऊन बसली होती आणि आपल्या दाराला कुलूप होतं. तिने आपल्या हातातल्या रिकाम्या टोपल्या पाहिल्या. आपण तिला सलाम केला, तिने सलाम घेतला, आणि आपण घरात गेलो. थोड्या वेळाने तिचं दार लागल्याचा आवाज आला. तू चुलीपाशी बसून राहिलीस, चूल न पेटवता.

त्यानंतर मशीनचा आवाज यायचा, थांबायचा, आणि भिंतीवर थाप पडायची नाही. ती पाण्याला आपल्याआधी येऊन जायची. तू भिंतीकडं बघत कान देऊन बसायचीस आणि मी बघतेय असं दिसलं की उगाच तांदूळ निवडायला घ्यायचीस. बोर्डिंगमध्ये तुझी आमटी एकदा खारट झाली आणि एकदा करपली. मंडळीतल्या बायकाही नाराज होत्या, कारण त्यांनाही यंदा तबक गेलं नव्हतं. ख्रिस्ती माणसानेच ख्रिस्ती माणसाला विसरायचं का, असं एकीने मला रस्त्यात थांबवून विचारलं. त्यांचं तुला काही वाटलं नाही. पण भिंतीपलीकडची शांतता तुला सोसेना. रात्री प्रार्थनेला गुडघे टेकलेस की नेहमी मोठ्याने बोलणारी तू आता पुटपुटायचीस, आणि पुटपुटण्यात आपा हा शब्द मला ऐकू यायचा.

नवं वर्ष लागून गेल्यावर एका सकाळी खाला आली. हातात तिचं पितळेचं तबक होतं, घासून लख्ख केलेलं आणि रिकामं. पाटावर बसली नाही. तबक आपल्या ओट्यावर ठेवलं आणि उभ्यानेच बोलली.

"बाई, सुनी मैं, इस साल तुम उनोंकूच खिलाये जिनके पास लौटाने कू कुछ नै."

तू म्हणालीस, "व्हय आपा. प्रभूचा तसा शब्द हाय."

"तो फिर मेरेकू कायकू नै खिलाये?"

मग तिने सांगितलं, आवाज न चढवता, दुसऱ्या कुणाबद्दल सांगावं तसं. महिन्याची जी साखर घरात यायची ती सगळी राखून ठेवायची, आपलं तबक परत करण्यासाठी. शीरखुर्म्याचं दूध मशीनवर रात्र रात्र बसून आलेलं असायचं. फिका चहा तिला आवडत नव्हता, कधीच आवडला नव्हता. आपल्याकडची साखर प्यायली तर आपल्याला परत किती द्यायची, याचा तिला घोर लागायचा. कराचीहून बोलावणं येणार नाही हे तिला केव्हाच कळलं होतं, आणि ते गल्लीला कळू नये म्हणून ती तबकं भरत होती. "गल्ली में सबसे पहले मेरा हक था, बाई," ती म्हणाली, "और तुम मेरेकू अमीर समझके छोड़ दिये."

आई, त्या वेळी तू तिच्या गळ्यात पडून रडली असतीस तर ते मला समजलं असतं. डब्यात उरलेलं काहीबाही त्या तबकात घातलं असतंस तरी समजलं असतं. मी तर उठून डबा काढायलाच निघाले होते. तू माझा हात धरलास. पुढे कितीतरी वर्षांनी मला उमगलं की तू का धरलास. ते तबक भरलं असतं तर खाला नदीकाठच्या रांगेत जाऊन बसली असती, आणि न भरावं तर तिला पुन्हा दारातून परत पाठवल्यासारखं झालं असतं. एरवी साध्या गोष्टीलाही वेळ लावणारी तू, तुला हे त्या क्षणी कसं कळलं देव जाणे. तू ते तबक उचललंस, तिच्या हातात परत दिलंस आणि म्हणालीस, "आपा, मला भूक लागलीय. तुमच्या घरी जेवायला वाढता का?"

मेरे घर में क्या है, खाला म्हणाली. तू म्हणालीस, जे हाय ते. आणि चप्पल पायात न घालताच तिच्या मागोमाग गेलीस. मीही गेले. इतकी वर्षं शेजारी राहून आपण तिच्या उंबऱ्याच्या आत कधी बसलो नव्हतो, हे मला आत गेल्यावर लक्षात आलं. ती आपल्याकडे यायची, आपण दारातून तबक द्यायचो. आत एक खाट, मशीन, आणि चुलीपाशी अगदी मोजकी भांडी. तिने ज्वारीची भाकरी थापली, पाट्यावर लसूण आणि लाल मिरची वाटली, आणि खूप पाणी घातलेली डाळ वाढली. तू दोन भाकरी खाल्ल्यास. मला तू डोळ्यांनी दटावलंस, सगळं संपव. हात धुतल्यावर तुझा हात आपोआप कनवटीला गेला, काहीतरी काढून ठेवायला, आणि मग तू तो हात मागं घेतलास आणि मांडीवर ठेवलास. जन्मभर कुणाचं फुकट न खाल्लेली बाई तू. ते जेवण तुला नदीकाठच्या सगळ्या टोपल्यांपेक्षा जड गेलं असणार. निघताना तू म्हणालीस, "आपा, ह्याची परतफेड मी करणार नाय." खालाने तोंडाला दुपट्टा लावला. ती हसत होती की काय, मला कळलं नाही.

तेव्हापासून तबकं बंद झाली आणि जाणं-येणं सुरू झालं. तू बोर्डिंगहून थकून आलीस की कधीमधी सरळ तिच्याकडे जायचीस आणि आपा, वाढा, म्हणून बसायचीस. तीही आपल्याकडे यायची, चहात दोन चमचे साखर घालून घ्यायची आणि वर म्हणायची, कम है. कुणी कुणाला काही परत करेना. मला मात्र लाज वाटायची. साठ मुलींना रांधणारी माझी आई शेजारणीकडे जेवण मागते, हे माझ्या मैत्रिणींना कळलं तर काय वाटेल, याची. मी तुला एकदा तसं बोललेही. तू चिडली नाहीस. म्हणालीस की देताना माणूस वर असतो गं, घेताना खाली बसावं लागतं, मला खाली बसायची सवय करायचीय. मग लगेच मला भांडी घासायला लावलंस.

पुढं शबे-बरात आली. खालाने आपल्या वारलेल्या आईवडिलांच्या नावाने फातिहा देऊन हलवा केला, आणि तू तिथं बसून तो खाल्लास. मंडळीतल्या कुणीतरी पाहिलं. मृतांच्या नावाने वाहिलेलं अन्न खाल्लं म्हणून गोष्ट मंडळीच्या पंचांपर्यंत गेली आणि पाळकसाहेबांनी तुला बोलावलं. मी बाहेरच्या बाकावर बसले होते, दार उघडंच होतं. पाळकसाहेब भले गृहस्थ होते, त्यांचीच पंचाईत झाली होती. ते म्हणाले, जाऊ नका असं कुणी म्हणत नाही, फक्त अशा दिवशी खाणार नाही एवढं सांगा, विषय मिटेल. तू डोक्यावरचा पदर सारखा केलास. "साहेब, ज्या घरी जाल तिथं जे वाढतील ते खा, असं त्यानंच सांगितलंय. मी पाहुणी हाय. ताटात काय आलं ते पाहुण्यानं इचारू नाय." ते म्हणाले, त्या वचनाचा संदर्भ वेगळा आहे. तू म्हणालीस की संदर्भ मला कळत नाय साहेब, आपाचं तोंड मला कळतंय. मी एकदा हात आखडला, दुसऱ्यांदा नाय आखडायची.

मग तुला प्रभुभोजन, उपासनेत सगळ्यांनी मिळून घ्यायची ती भाकरी आणि प्याला, बंद झालं. काही काळ, असं म्हणाले. आई, खऱ्या किमतीचा दिवस हा होता, आणि परवा पुलपिटावर याचा कुणी उच्चार केला नाही, कारण ही किंमत तुझ्याकडून मंडळीनेच घेतली होती. भाऊ तुटले तेव्हा तुझ्याजवळ प्रभुभोजनाचं ते मेज होतं. नवरा गेला तेव्हाही होतं. बाप्तिस्म्याआधी तुला कुणी कधी आपल्या बरोबरीने बसवून खाऊ घातलं नव्हतं आणि इथं सगळे एकाच भाकरीतलं खातात, म्हणून तर तू या घरात आली होतीस. आता महिन्याच्या त्या रविवारी सगळे उठून पुढं जायचे आणि तू शेवटच्या बाकावर ओंजळ मांडीत ठेवून बसायचीस. मी तुझ्याशेजारी बसून राहायला लागले तर तू मला कोपराने ढोसलंस, जा म्हणून. मी गेले.

ही गोष्ट खालाच्या कानावर गेली आणि ती तरातरा आली. माझ्यामुळे तुमच्या खुदाच्या घरी तुम्हाला उपाशी ठेवतात, आता माझ्या घरी यायचं नाही, म्हणाली. दार आतून लावून घेईन, म्हणाली. तू भाजी चिरत होतीस. "दार लावलं तर मी उंबऱ्यावर बसून जेवीन," म्हणालीस. "त्याचं जेवण तो मला देईल कधीतरी, त्याला घाई नाय. तुमच्याकडं मी आले नाय तर तुम्ही पुन्हा फिका चहा प्यायला लागाल." मग तुम्ही दोघी भांडलात, खरंच भांडलात, अर्धं मराठीत आणि अर्धं दखनीत. कारकूनकाकू दारात येऊन उभ्या राहिल्या. भांडून झाल्यावर त्याच भाजीशी तिने भाकऱ्या थापल्या आणि आपण तिघी जेवलो.

बंदी उठली ती मात्र कुणी उठवली नाही. पावसाळ्यानंतर पाळकसाहेबांची बदली झाली, नवे आले, आणि त्यांना यातलं काही ठाऊकच नव्हतं. सगळे पुढं गेल्यावर शेवटच्या बाकावर एक बाई राहिलेली दिसली. तिचे पाय दुखत असतील असं समजून ते स्वतः भाकरी आणि प्याला घेऊन तुझ्यापर्यंत चालत आले. तुझी ओंजळ वर झाली. पंच गीताच्या पुस्तकांत पानं शोधायला लागले. पण तू म्हणजे तूच. उपासना संपल्यावर त्यांना गाठून म्हणालीस, साहेब, चूक झाली, मला बंद हाय. त्यांनी विचारलं, कुणी बंद केलं? मागच्या साहेबांनी. नवे साहेब म्हणाले, ते मला काही सांगून गेले नाहीत, तुम्हीही मला सांगितलं नाही असं समजा. घरी आल्यावर तू हे खालाला सांगितलंस तेव्हा ती खाटेवर बसून इतकी हसली की तिला ठसका लागला. मग तुम्ही दोघीही रडलात. मी चहा केला.

तू गेलीस तेव्हा मी परिचारिका होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तरीही माझ्या हातून काही झालं नाही. शेवटच्या आठवड्यात तुला काही गिळवत नव्हतं. खाला तुझ्या उशाशी बसून दुधात बोट बुडवून तुझ्या ओठांना लावायची, आणि तू ते चाटायचीस, लेकरू चाटतं तसं. कबरस्तानाच्या फाटकाबाहेर ती एकटी उभी राहिली, आत आली नाही. आपल्याकडे दुखवट्यात चूल पेटवत नाहीत, पण ती आली आणि तिने पेटवली. खिचडी केली, माझ्यापुढं ताट ठेवलं, आणि मी जेवेपर्यंत उठली नाही. पुढं चारच वर्षांनी तीही गेली. मला तिच्या घरचं जेवण फेडता आलं नाही आणि मी प्रयत्नही केला नाही, एवढं मात्र मी तुझ्याकडून शिकले.

त्या मेजवानीच्या वचनाच्या थोडं पुढं आणखी एक वचन आहे, तुला माहीत आहे. आईबापांपेक्षा, लेकराबाळांपेक्षा, स्वतःच्या जिवापेक्षाही प्रभूला अधिक मानलं नाही तर त्याचं शिष्य होता येत नाही, अशा अर्थाचं. ते तू मला शिकवायला घेतलंस तेव्हा मी दहाएक वर्षांची असेन. वाचून झाल्यावर तू बोट तिथंच ठेवून माझ्याकडं पाहिलंस आणि विचारलंस, कळलं का? मी हो म्हणाले. तेव्हापासून सगळ्यांना मी हो म्हणतच आले. दर रविवारी जाते, महिन्याला त्या मेजापाशी गुडघे टेकते, बायकांच्या सभेत प्रार्थनाही चालवते. पण आई, डोळे मिटले की मला तो दिसत नाही. अनवाणी पायांनी आपाच्या मागोमाग जेवायला निघालेली तू दिसतेस, आणि मी तुझ्याशीच बोलत राहते. आमेन म्हणते तेही तुलाच. मला त्याच्यापेक्षा तूच जास्त हवी आहेस, म्हणजे त्या वचनाप्रमाणे मी शिष्य नाहीच. हे तुला कळलं तर तू मला तिथल्या तिथं गुडघ्यावर बसवशील, म्हणून हे मी तुला पाठवत नाही.